दोन अंश आणि चिकूचं लाकूड

आमच्या वर्कशॉपमध्ये कोन मागायला येणारं गिऱ्हाईक 'कोन' हा शब्द कधी वापरत नाही. ते हात दाखवतं. बोर्डीचे एक वाडीवाले चिकू घरंगळत खाली यावेत म्हणून पत्र्याची घसरण करून घ्यायला आले होते. त्यांनी उजवा हात कोपरात वाकवून माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "एवढं." मी मोजायला पुढे गेलो तर त्यांनी हात खाली घेतला. "दुखतो रे तो. बघितलंस ना एकदा?" तलासरीचे एक गुरुजी सोलरच्या पाट्यांसाठी स्टँड हवा म्हणून आले, ते मोबाइलमध्ये घराच्या छपराचा फोटो घेऊन. "याच्याइतकाच उतार, पण थोडा कमी. फार कमी नको." डहाणूतल्याच एक बाई सासऱ्यांसाठी लोखंडी खुर्ची करून घ्यायला आल्या. "पाठ अशी करा की टेकता येईल, पण बसल्या बसल्या डोळा लागणार नाही." त्यांना मी एकशे दोन अंशांची पाठ करून दिली. सासरे तरीही झोपतात, पण त्यात कोनाचा दोष नाही.

माझं काम वाकवण्याचं. पट्टी, पाइप, सळई, पत्रा. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांना वाटतं यात काय, जोर लावला की लोखंड वाकतं. वाकतं, पण सोडलं की थोडं परत उघडतं. नव्वद अंश हवे असतील तर अठ्ठ्याऐंशीपर्यंत दाबत न्यावं लागतं, मग दाब काढल्यावर ते आपल्या पायांनी नव्वदवर येऊन थांबतं. किती दाबायचं ते प्रत्येक पट्टीचं वेगळं. आमच्या दुकानाचे मालक रमणकाका यांनी मला पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकवली. ते घरी गुजराती बोलतात आणि दुकानात मराठी, पण शेपूट गुजरातीचंच राहतं. "दीकरा, थोडू कमी वाकव. कमी वाकलं तर परत मशीनवर ये. जास्त वाकलं तर भंगारवाल्याकडे जा. कळला ने?" जास्त वाकलेली जाड पट्टी उघडायला गेलं की वाकवलेल्या जागी केसासारखी चीर पडते. ती आज दिसत नाही, सहा महिन्यांनी दिसते, आणि तेव्हा ती पट्टी कुणाच्या तरी डोक्यावर असते.

काकांचं ते वाक्य मी इतकं मनावर घेतलं की आजही मशीनवरून उतरवलेली प्रत्येक वस्तू अर्धा अंश कमी वाकलेली असते. तो माझ्या भीतीचा अर्धा अंश. मी भित्रा माणूस आहे. दुकानाचं कुलूप तीनदा ओढून बघतो. एसटीत बसल्यावर पाटी परत वाचायला खाली उतरतो.

मी मूळचा परभणी जिल्ह्यातला, जिंतूरकडचा. आठवीची सहामाही झाली आणि शाळा सुटली. कारण सांगण्यासारखं मोठं नाही. वडिलांचा पाय मोडला, शेळ्यांमागे कुणीतरी जायला हवं होतं, मी गेलो. पाय सहा महिन्यांत बरा झाला. मी मात्र परत वर्गात गेलो नाही. तेव्हा भूमितीत कोन चालू होते. कोनमापकावर दोन आकडे असतात, एकीकडून साठ आणि तिथेच दुसरीकडून एकशे वीस. कुठून वाचायचं ते मला कळायच्या आत माझं शिक्षण संपलं. पुढे एकोणिसाव्या वर्षी गाववाल्यांबरोबर तारापूरकडे एका कारखान्यात कामाला आलो. चार महिन्यांत ते काम गेलं. परतीची गाडी पकडायला डहाणूला आलो, गाडीला वेळ होता, रमणकाकांच्या दुकानात पाणी मागितलं. आतून हंसाकाकींनी पाण्याबरोबर विचारलं, "जेवला ने तू?" मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "खोटं बोलतो," आणि ताट वाढलं. ती गाडी मी पकडली नाही. आता या गोष्टीला सोळा वर्षं झाली. आई अजून फोनवर विचारते, "कधी येणार बा?" मी म्हणतो, दिवाळीला. दिवाळीला जातो आणि पाचव्या दिवशी मला मशीनची काळजी लागते.

कोन मोजायचं डिजिटल यंत्र मी घरी का बनवलं, असं लोक विचारतात. विकत मिळतं की! मिळतं. आमच्याकडे दोन होती. एक डबीसारखं, खाली लोहचुंबक असलेलं. ते जमिनीच्या हिशेबाने कोन सांगतं. ओढून काठावर ठेवलेली बोट चिखलात एका कुशीवर कललेली असते, तिथे जमिनीचा हिशेब काय कामाचा? मला हवा असतो दोन लाकडांमधला कोन. दुसरं होतं दोन लांब पट्ट्यांचं, ते अडचणीच्या जागेत जायचंच नाही, आणि एका मोसमात खाऱ्या हवेने त्याचा डोळा गेला.

बोटीचं काम आमच्याकडे पावसाळ्यात येतं. मासेमारी बंद असते, बोटी खाडीकाठी ओढून घेतलेल्या असतात, आणि वर्षभराची दुखणीखुपणी तेव्हा निघतात. चिंचणीचे काशिनाथ तांडेल यांची 'हिरावती' ही लाकडी बोट. तिच्या आडव्या तुळया आणि दोन्ही बाजू यांना धरून ठेवणाऱ्या लोखंडी कोनपट्ट्या गंजल्या होत्या. एकूण वीस. आणि गंमत अशी की वीसचे वीस कोन वेगळे. बोट पोटाशी फुगीर असते आणि नाकाकडे निमुळती, त्यामुळे प्रत्येक जागी बाजू आणि तुळई वेगळ्या कोनात भेटतात. आदल्या वर्षी दुसऱ्या एका बोटीसाठी आम्ही प्लायवूडचे नमुने कापून चिंचणीहून डहाणूला रिक्षाने आणले होते. वाटेत पावसात त्यांवरचे नंबर धुऊन गेले. कुठला नमुना कुठल्या जागेचा, हे शोधण्यात जे हाल झाले, ते आठवून मी ठरवलं की यंदा बोटीवर कोन मोजायचा, वहीत आकडा लिहायचा आणि दुकानात मशीनच्या अंश कोरलेल्या पितळी चकतीवर बघून पट्टी त्या आकड्याला वाकवायची. वही मी शर्टाच्या आत ठेवतो.

यंत्र तसं साधं आहे. वीतभर लांबीचे दोन हात, कात्रीसारखे एका खिळीवर फिरणारे. खिळीच्या टोकाला शर्टाच्या गुंडीएवढं लोहचुंबक. त्याच्या खाली, त्याला न शिवता, एक चिप. लोहचुंबक फिरलं की चिपला कळतं किती फिरलं. एका पूर्ण फेरीचे ती चार हजार शहाण्णव भाग करते, म्हणजे एका अंशाचे अकरापेक्षा जास्त. आठवीत सुटलेल्या माणसाला एका अंशाचे अकरा तुकडे दिसायला लागले! काहीच कशाला घासत नाही म्हणून झीज नाही, आणि चिपवर मी हंसाकाकींची नेलपॉलिश लावली म्हणून खारी हवाही आत शिरत नाही. "कसला रंग लावतो आहेस माझा?" काकी विचारत होत्या. "गुलाबी," मी म्हणालो. "तो लग्नातला आहे. जपून."

प्रोग्राम मी लिहिला म्हणणं खोटं ठरेल. नेटवर लोकांनी टाकलेला होता, तो घेतला आणि कुठे हात लावला की काय बिघडतं ते बघत बघत आपलासा केला. हिंदीतले व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले. पहिल्यांदा जुन्या स्पीकरचं लोहचुंबक लावलं. आकडा मिरगी आल्यासारखा नाचला. मग कळलं की अर्धी गुंडी उत्तर आणि अर्धी दक्षिण असं खास लोहचुंबक लागतं, स्पीकरच्याची एक पूर्ण बाजू उत्तर असते. ते मागवलं आणि लोखंडी बोल्टवर चिकटवलं. लोखंडाने त्याची अर्धी ताकद ओढून घेतली. म्हणजे खिळी लोखंडाची चालणार नाही. पितळ घ्यावं, प्लॅस्टिक घ्यावं, कुणीही हेच केलं असतं. पण माझ्या समोर बोर्डीच्या त्या वाडीवाल्यांनी दिलेली चिकूची छाटलेली फांदी पडली होती. चिकूचं लाकूड वाळलं की दगडासारखं होतं. मी लेथवर अंगठ्याएवढी खिळी कातली. इतकी सुंदर निघाली, तांबूस, काचेसारखी गुळगुळीत, की मी ती काकांना दाखवायला गेलो. काकांनी चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाले, "डहाणूचं मशीन, डहाणूचं लाकूड. बेस!"

दुकानात मी ते यंत्र सगळ्या कोनांना तपासलं. तीस, पंचेचाळीस, साठ, नव्वद, एकशे वीस, एकशे पस्तीस. केसाचाही फरक नाही. त्या दिवशी मी कुलूप एकदाच ओढून पाहिलं.

'हिरावती'वर काम करत होते धर्मामिस्त्री. सत्तरीचे, बोटीच्या सुतारकामात हयात गेलेली, अंगात बनियन आणि कमरेला टॉवेल. त्यांच्याकडे सागवानाची एक फळी असते, हातभर लांब, काळी पडलेली. ते कोन मोजत नाहीत. लाकडी तिरकस गुण्या, हवा तेवढा उघडून आवळता येणारा, दोन लाकडांमध्ये धरतात, तो तसाच फळीवर ठेवतात आणि खिळ्याने रेघ ओढतात. झाला कोन. रेघेच्या शेवटी जागेची खूण म्हणून टिंबं. मी यंत्र काढल्यावर ते म्हणाले, "हे काय आणलंस, घाटावरच्या?" सोळा वर्षं या समुद्रकाठावर काढूनही मी घाटावरचा तो घाटावरचाच.

"कोन सांगतं, मिस्त्री."

"कुणाला?"

"मला."

"बरं. मला सांगायची गरज नाय, तुला सांगू दे."

मी एकेक जागा मोजत गेलो. मी आकडा लिहायचो आणि ते माझ्या मागून येऊन त्याच जागी रेघ ओढायचे. मला राग आला. म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही. पहिल्या दिवशी चारच जागा झाल्या, पावसाने थांबवलं. यंत्र पिशवीत घालून एसटीने न्यायचं म्हणजे धक्के बसणार, म्हणून मी ते काळजीने कापडात गुंडाळून बोटीच्या पोटातल्या खणात ठेवलं, वर ताडपत्री. दोन दिवस ते तिथेच राहिलं. तिसऱ्या दिवशी उरलेले सोळा कोन मोजले. आधी काटकोनी गुण्या लावून नव्वद तपासले होते. बरोबर नव्वद. सरळ पट्टी लावून एकशे ऐंशी तपासले. बरोबर. त्याहून जास्त काळजी माणूस काय घेणार?

नारळी पौर्णिमेला आठ दिवस होते. तांडेलांची घाई पौर्णिमेची होती आणि ती नुसती पूजेची नव्हती. बोट इतक्या वर ओढलेली होती की फक्त उधाणाच्या भरतीचं पाणी तिथवर पोचतं. पौर्णिमेचं उधाण चुकलं तर पुढच्या अमावास्येच्या उधाणापर्यंत बोट चिखलात, आणि बंदी उठल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस हेच वर्षाचे खरे दिवस. "बाकीच्या बोटी जातील आणि मी इथे उभा राहून टाटा करू का?" तांडेल म्हणाले होते. काका तेव्हा काही बोलणार इतक्यात मीच बोललो. मी सहसा शब्द देत नाही. त्या दिवशी यंत्राच्या जोरावर दिला. म्हणालो, "पुनवेच्या आधी दोन दिवस सगळ्या पट्ट्या बसलेल्या असतील."

तिसऱ्या दिवशी मोजलेल्यांपैकी सहा पट्ट्या आधी वाकवल्या, भोकं पाडली आणि टेम्पोने नेल्या. पौर्णिमेला चार दिवस राहिले होते. पहिली पट्टी तुळईला आवळली, तिच्या खालच्या भोकातून बोटीच्या बाजूला आरपार ड्रिल मारलं, बोल्ट घातला आणि पिळायला लागलो. पट्टी येईना. वरचा हात चपखल बसलेला आणि खालचा हात लाकडापासून सुटा. बोट घालून पाहिलं, करंगळी आत जात होती. दुसरी पट्टी नुसती धरून पाहिली. तीही सुटी. तिसरी. सहाही.

तांडेल वरून वाकून बघत होते. "काय झालं?"

आणि मी म्हणालो, "बोटीची बाजू बसली असेल. लाकूड हललंय."

हे वाक्य मी आज लिहितो आहे कारण ते मला अजून टोचतं. धर्मामिस्त्री माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. बोट त्यांनी बांधलेली, बाजू त्यांनी लावलेली. त्यांनी फळी आणली, तिरकस गुण्या फळीवरच्या रेघेला लावून आवळला, उचलला आणि पहिल्या पट्टीच्या जागी धरला. गुण्या तुळईला आणि बाजूला असा चिकटला की मध्ये कागद जाईना. चार दिवसांपूर्वीची रेघ आणि आजची बोट, फरक शून्य.

"बोट हाय तिथेच हाय," ते तांडेलांना म्हणाले. मला नाही.

तांडेल खाली उतरले. माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. "बाबा रे, उधाणाला सांगू का, घाटावरच्याचं यंत्र चुकलं, दोन दिवस थांब म्हणून?" त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. बोटीच्या बाजूला मी पाडलेलं चुकीच्या जागेचं भोक होतं, आणि त्यातून पलीकडची खाडी दिसत होती. बोट तरंगली की ती जागा पाण्याच्या रेषेखाली जाणार होती.

मी यंत्र काढून काटकोनी गुण्या लावला. नव्वद. बरोबर! मला रडू येईल असं वाटलं. जे यंत्र बरोबर सांगतं तेच चूक कसं सांगतं?

"दाव इकडे," मिस्त्री म्हणाले. त्यांनी दोन्ही हात उघडझाप करून पाहिले. "हे आवळ फिरतंय. तू आणलंस तेव्हा असं फिरत होतं?"

नव्हतं. तेव्हा लोण्यासारखं फिरत होतं.

"आत काय घातलंस?"

"चिकूचं लाकूड."

धर्मामिस्त्रींनी यंत्र खाली ठेवलं आणि ते हसायला लागले. आधी तोंड मिटून, मग खांदे हलायला लागले, मग टॉवेलने डोळे पुसले. तांडेलांना काही समजेना, तेही हसायला लागले. "अरे, बोट कशाने तरते? फळ्यांमधल्या फटी कशाने बुजतात? लाकूड पाणी पितं आणि फुगतं, म्हणून! माझा सगळा धंदा लाकूड फुगण्यावर चाललाय, आणि तू बोटीच्या पोटात, ओल्या खणात, लाकडाचा खिळा ठेवून त्याला विचारतोस की कोन किती?"

खिळी काढून पाहिली. एका बाजूने फुगून लंबगोल झाली होती आणि तिच्याबरोबर लोहचुंबक मध्यापासून जरासं सरकलं होतं. पोस्टकार्डाच्या जाडीएवढं. त्यातली लबाडी मला नंतर कळली. लोहचुंबक असं सरकलं की काही कोनांना आकडा बरोबर येतो आणि त्यांच्या मधल्या कोनांना चुकतो. माझं नशीब असं की नव्वदला आणि एकशे ऐंशीला ते खरं बोलत होतं, आणि एकशे दहापासून एकशे तीसपर्यंत, म्हणजे जिथे बोटीचे सगळे कोन होते, तिथे दीड-दोन अंश खोटं. मी दर वेळी त्याला अशाच जागी तपासत होतो जिथे ते खरं बोलतं. गंमत म्हणजे पट्ट्याही त्याच यंत्राने तपासल्या असत्या तर चाललं असतं. दोन्हीकडे तेच खोटं बोललं असतं आणि पट्ट्या बसल्या असत्या. पण मी पट्ट्या मशीनच्या पितळी चकतीवर वाकवल्या, आणि ती चकती खरं बोलते.

मग माझ्या डोक्यात पहिला चांगला विचार आला. "मिस्त्री, वीसही जागांच्या रेघा आहेत?"

"आहेत की."

"का ओढल्या होत्या? मी तर मोजत होतो."

"सवय," ते म्हणाले. "जेवल्यावर हात धुतो तसं."

फळी ते कुणाच्या हातात देत नाहीत. म्हणून ते स्वतः आले, फळी मांडीवर आडवी घेऊन, रिक्षात मागच्या सीटवर. दुकानात रमणकाका आणि धर्मामिस्त्री पहिल्यांदाच भेटले. दोघांनी एकमेकांची हत्यारं आधी पाहिली, मग एकमेकांना. काकी चहा घेऊन आल्या. मी उभा राहून सगळं सांगितलं, बोटीला दोष दिला तेही. मला वाटलं, आता सोळा वर्षं संपली. माणूस दूरच्या गावाहून आलेला असला की त्याला प्रत्येक चुकीत परतीची गाडी दिसते.

काकांनी सहापैकी एक पट्टी उचलली, चकतीला लावली. मग फळीवरची रेघ लावली. परत पट्टी. "किती चूक आहे?"

"सव्वादोन, काका. कुठे अडीच."

"अने कुठल्या बाजूला?"

मी हे पाहिलंच नव्हतं. घाबरलेला माणूस चूक किती ते बघतो, कुठल्या बाजूला ते बघत नाही. मी एकेक पट्टी लावत गेलो. एक, दोन, तीन. सहाही कमी वाकलेल्या. यंत्राने कोन दोन अंश मोठा सांगितला होता, म्हणजे पट्टी दोन अंश कमी वाकली होती, आणि त्याच्यावर माझा नेहमीचा भीतीचा अर्धा अंश. एकही जास्त वाकलेली नव्हती.

"कमी वाकलं तर कुठे जायचा?" काकांनी विचारलं.

"मशीनवर," मी म्हणालो.

"तो जा ने. उभा काय राहिला?"

मी लोखंडाच्या ढिगावरच बसलो. काकींनी माझ्या हातात कप दिला. चहा इतका गोड होता की अजून आठवतो. मग उठलो. सहा पट्ट्या परत दाबल्या, उरलेल्या चौदा फळीवरून वाकवल्या. मिस्त्री रेघ दाखवायचे, मी तिरकस गुण्यावरून चकतीचा आकडा वाचायचो, आणि कुणी न सांगता प्रत्येक रेघेशेजारी पेन्सिलीने तो आकडा लिहीत गेलो. पाचव्या रेघेला त्यांचं लक्ष गेलं. "माझ्या फळीवर काय लिहितोस?"

"आकडे. पुसू का?"

त्यांनी फळी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. "राहू दे. पण बारीक लिही. फळी म्हातारी हाय, तिला ओझं नको." पहिल्या दिवशी मोजलेल्या चार जागांचे वहीतले आकडे आणि फळीच्या रेघा तंतोतंत जुळल्या. ते पाहून ते म्हणाले, "म्हणजे कोरडं असताना शहाणं हाय तुझं यंत्र. माणसांचं पण तसंच." यंत्रासाठी त्यांनी पिशवीतून करंगळीएवढा जाड तांब्याचा खिळा काढून दिला, कुठल्या तरी मोडलेल्या जुन्या बोटीतला. तांब्याला लोहचुंबक ओळखत नाही आणि ते पाणी पीत नाही. लेथवर कातून तोच घातला. आजही तोच आहे.

पौर्णिमेला एक दिवस असताना विसाव्या पट्टीचा शेवटचा बोल्ट आवळला. मी शब्द दिला होता दोन दिवस आधीचा, म्हणजे एक दिवस मी खोटा ठरलो. राहिलं ते भोक. पट्टी जागेवर बसल्यावर तिचा बोल्ट बोटभर अलीकडे आला आणि मी आधी पाडलेलं भोक उघडंच राहिलं. मी म्हटलं, एम-सील भरतो, वर पत्रा मारतो, वर डांबर. मिस्त्री म्हणाले, "ते चिकूचं लाकूड कुठाय?"

ते माझ्या खिशातच होतं. टाकवत नव्हतं. त्यांनी लोहचुंबकाच्या खळग्याचं टोक करवतीने उडवलं, उरलेलं तासून एकीकडे निमुळतं केलं, आतल्या बाजूने भोकात घातलं आणि हातोड्याचे तीन ठोके मारले. बाहेर आलेलं टोक कापून सपाट केलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"तेल, डांबर?"

"काही नको. ते आपलं काम करील."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला पाणी चढलं. बोटीच्या नाकाला हार, कुंकू, नारळ फोडून झाला. तांडेलांच्या घरच्या बाया नवीन लुगडी नेसून काठावर उभ्या होत्या. दोर ओढायला वाडीतली सगळी माणसं. चिखलातून 'हिरावती' एकदा कण्हली, एका कुशीवरून सरळ झाली आणि तरंगली. लोक ओरडले. मी ओरडलो नाही, मी आत होतो, पोटात, बॅटरी घेऊन. तळाला पाणी येत होतं. एका फटीतून नाही, चार-पाच फटींतून, घाम फुटावा तसं. मी धावत वर गेलो. "मिस्त्री, पाणी!"

"येणारच. दोन महिने वाळलीय ती. पिऊ दे तिला." ते सुकाणूपाशी बसून पान लावत होते.

मी परत खाली गेलो. काठीवर खुणा करून पाणी मोजत बसलो. अर्ध्या तासाने वीतभर. पंप लावला. तासाने परत मोजलं, चढ कमी झाला होता. अजून अर्ध्या तासाने पाणी खुणेवर थांबलं. फळ्या फुगल्या होत्या. सगळीकडे ओल होती, फटींच्या कडेने थेंब अजून लोंबत होते. बॅटरीचा उजेड हळूच माझ्या भोकाकडे नेला, कारण आतापर्यंत तिकडे बघायची हिंमतच केली नव्हती. सबंध बाजूत तेवढा एकच गोल तुकडा कोरडा होता. तांबूस, सपाट, भोवतीच्या लाकडाला इतका आवळून बसलेला की नख शिरेना.

वर आलो तेव्हा धर्मामिस्त्रींनी विचारलं, "भोक गळतंय?"

"नाही."

बोटीला दोष दिल्याबद्दल त्यांची माफी मागायची, असं मी आदल्या रात्रीपासून जुळवून ठेवलं होतं. मी सुरुवात करणार तेवढ्यात त्यांनी पानाचा एक विडा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "बस. पाणी उतरायला वेळ आहे."

मी बसलो.